अकरा रकान्यांचा वाद

अमेरिकेत लिबरल आर्ट्‌स कॉलेजात मूल घातलं की आईबापांना दोन कागद तोंडपाठ होतात. एक फीचं बिल आणि दुसरं ‘डिग्री ऑडिट’. पदवीसाठी काय काय पुरं झालं ते त्यात हिरव्यात दिसतं, काय राहिलं ते लाल. माझ्या धाकट्या भावाची मुलगी ओहायोतल्या अशाच एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कॉम्प्युटर सायन्स. चार वर्षांत बत्तीस कोर्स करायचे आणि त्यांतले अकरा कॉलेजने आखून दिलेल्या रकान्यांतून. परकीय भाषेची तीन सत्रं, प्रयोगशाळेसकट एक विज्ञान, आकडेमोडीचा एक कोर्स, दोन समाजशास्त्रांतले, दोन साहित्य-इतिहास-तत्त्वज्ञानातले, एक कलेतला आणि पहिल्या वर्षाचा एक सेमिनार. याला ते ‘जनरल एज्युकेशन’ म्हणतात, मुलं नुसतं ‘जेन-एड’.

माझी बायको त्याच राज्यात दुसऱ्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि यंदा तिथल्या तशाच जेन-एडचं मूल्यमापन करणाऱ्या समितीवर आहे. थँक्सगिव्हिंगच्या सुटीत भाऊ आमच्याकडे आला, लॅपटॉपवर मुलीचं ऑडिट उघडलं आणि वाद सुरू झाला. मी मध्यस्थी केली, म्हणजे चहा केला. दोघं एकमेकांना जशी हाक मारतात त्याच नावांनी इथे त्यांना बोलू देतो.

भावोजी : वहिनी, साधा हिशेब आहे. वर्षाचा खर्च ऐंशी हजार डॉलरच्या वर. वर्षाला कोर्स आठ. म्हणजे एक कोर्स पडला दहा हजारांना. पोरीने गेल्या सत्रात जिऑलॉजी घेतलं. तिथली मुलं त्याला ‘रॉक्स फॉर जॉक्स’ म्हणतात, खेळाडूंना झेपेल असलं विज्ञान. दहा हजार डॉलर मोजून दगड बघायचे? आपल्या सह्याद्रीत काय कमी पडले होते?

वहिनी : भागाकार बरोबर आहे, पण चुकीच्या जागी केलात. तिच्या मेजरला किती कोर्स लागतात?

भावोजी : बारा.

वहिनी : बत्तिसातून बारा गेले, उरले वीस. उद्या हे अकरा रकाने पुसून टाकले तरी बिल एका डॉलरने उतरणार नाही, कारण बिल वर्षाचं असतं, कोर्सचं नाही. कॉम्प्युटर सोडून वीस कोर्स तिला घ्यायचेच आहेत. त्यांतले अकरा कुणी निवडायचे, तिने की कॉलेजने, एवढाच आपला वाद.

भावोजी : मग तीन वर्षांत संपवा की! इंग्लंडात मुलगा एक विषय घेतो, तीन वर्षांत तो नीट शिकतो आणि बाहेर पडतो. ऑक्सफर्डचं काही वाईट झालेलं दिसत नाही.

वहिनी : ते चालेल. तो प्रामाणिक वाद आहे. पण मग तिला सतराव्या वर्षी ठरवावं लागलं असतं. तुमची लेक इथे आली तेव्हा तिला मानसशास्त्र करायचं होतं, आठवतंय का?

भावाला आठवत होतं. कॉम्प्युटरचा पहिला कोर्स तिने आकडेमोडीचा रकाना भरायला म्हणून घेतला होता. पण ही गोष्ट त्या वेळी बोलून दाखवण्याइतका तो उदार नव्हता आणि बायकोच्या बाजूने साक्ष देण्याइतका मी धीट नव्हतो.

निवड कुणाची, हा झगडा तिथे दीडशे वर्षं चालू आहे. चार्ल्स एलियट १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हार्वर्डचे अध्यक्ष होते. सगळ्यांनी तेच ग्रीक-लॅटिन घोकायचं ही पद्धत त्यांनी मोडीत काढली. शतक संपता संपता पहिल्या वर्षाचं इंग्रजी लेखन सोडलं तर सक्तीचं जवळजवळ काही उरलं नाही. त्यांच्या जागी लॉवेल आले. मुलं सोपे सोपे कोर्स वेचतात हे बघून त्यांनी एका विषयात खोली आणि बाकीच्यांत वाटणी असा साचा बसवला. आजचे अकरा रकाने त्या साच्याचेच वंशज. पुढे १९१९ मध्ये कोलंबियाने पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या एका कोर्समधून ‘कन्टेम्पररी सिव्हिलायझेशन’ उभा केला. सगळ्यांनी तीच पुस्तकं वाचायची आणि लहान वर्गात बसून त्यांवर भांडायचं. बरोबर पन्नास वर्षांनी, १९६९ मध्ये, ब्राऊन विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्याच अहवालावरून उलट टोक गाठलं आणि वाटणीच्या सगळ्या अटी काढून टाकल्या.

भावोजी : ब्राऊनचंच मी म्हणतो. तिथली मुलं काय अडाणी राहिली? आणि स्टीव्ह जॉब्सचं घ्या. रीड कॉलेजात कॅलिग्राफी शिकला, त्यातून मॅकचे सुंदर टाइप आले, ही कथा तुम्ही लोक प्रत्येक समारंभात लावता. पण तो त्या वर्गात बसला कधी? कॉलेज सोडल्यावर! सक्तीचे कोर्स टळले म्हणून आवडीच्या वर्गात जाऊन बसता आलं, हे त्याने स्वतः २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितलंय. वर आईबापांची पुंजी फीमध्ये चालली होती याचाही त्याने उल्लेख केलाय. हा तुमच्या बाजूचा साक्षीदार नव्हे, माझ्या बाजूचा आहे.

वहिनी : घ्या तुमच्याकडे. पण तो ज्या वर्गात बसला तो कुणीतरी चालवत होतं म्हणून बसला ना? नुसती मागणी बघून वर्ग उघडले असते तर कॅलिग्राफीचा वर्ग कुणी ठेवला असता? आणि जॉब्ससारखा पोरगा कुठेही शिकतो. त्याच्यावरून नियम करायचा नसतो.

भावोजी : बरं, आपला माणूस घ्या. बाबासाहेब कोलंबियात गेले १९१३ मध्ये. अर्थशास्त्राचे एकोणतीस कोर्स केले, इतिहासाचे अकरा. शिवाय समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, राज्यशास्त्र, वर प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. इतकी व्याप्ती तुमच्या कुठल्या रकान्याने दिली असती? त्यांना कुणी सांगितलं होतं का की बाबा रे, एक मानववंशशास्त्र घे?

वहिनी : भावोजी, ते एल्फिन्स्टनमधून बी. ए. होऊन, बावीस वर्षांचे असताना गेले होते, एम. ए. करायला. आणि काय विचारायचंय ते घरून घेऊन गेले होते. जात म्हणजे काय, ती टिकते कशी, हे ज्याला जन्मापासून छळतंय त्याला मानववंशशास्त्राच्या वर्गात ढकलावं लागत नाही. माझ्या वर्गात अठरा वर्षांची मुलं येतात, त्यांना अजून कशाचाच प्रश्न पडलेला नसतो. तो पाडणं हे कॉलेजचं काम.

भावोजी : सक्तीने पाडणार?

वहिनी : कधी कधी, हो. ऐका. मी ‘स्टॅटिस्टिक्स फॉर नॉन-मेजर्स’ शिकवते. वर्गात एकही मूल हौसेने आलेलं नसतं. दुसऱ्या आठवड्यात मी फळ्यावर लिहिते, हजार माणसं, त्यांत दहा खरोखर आजारी. आजाऱ्यांपैकी नव्वद टक्के चाचणीत बरोबर सापडतात आणि निरोग्यांपैकी नऊ टक्क्यांना ती उगाच आजारी ठरवते. तुमची चाचणी पॉझिटिव्ह आली. तुम्ही खरंच आजारी असण्याची शक्यता किती?

भावोजी : नव्वद टक्के.

वहिनी : सगळे हेच म्हणतात. मग मी तक्ता काढायला लावते. दहांतले नऊ, हे खरे आजारी. उरलेले नऊशे नव्वद निरोगी, त्यांचे नऊ टक्के म्हणजे जवळजवळ एकोणनव्वद. पॉझिटिव्ह एकूण अठ्ठ्याण्णव, त्यांत आजारी नऊ.

भावोजी : म्हणजे अकरांत एक? काहीतरीच.

वहिनी : मांडा तुम्हीच.

भावाने नॅपकिनवर मांडलं, पुन्हा मांडलं आणि चष्मा काढला. सांगलीला इंजिनिअरिंग केलेला माणूस, तीस वर्षं आकड्यांत गेलेली.

वहिनी : मागच्या वर्षी पत्रकारितेकडे निघालेला एक मुलगा चिडून म्हणाला, मग बातम्यांत हे असं का लिहीत नाहीत? मी म्हटलं, बातम्या लिहायला तूच जाणार आहेस. तो मुलगा स्वतःहून कधी माझ्या वर्गात आला असता का? ज्यांना एखाद्या विषयाची गरज असते नेमके तेच तो टाळतात. माझी सक्ती तेवढ्यापुरतीच.

भावोजी : छान आहे. आता मला सांगा, सहा महिन्यांनी त्या मुलाला हा तक्ता काढता येत होता का?

वहिनी : माहीत नाही.

भावोजी : विचारलंत का?

वहिनी : नाही.

भावोजी : मग तुमची समिती मोजते तरी काय?

इथे खरा मुद्दा आला. बायको थोडा वेळ गप्प राहिली. नंतर तिने जे सांगितलं ते ती समितीत इतक्या स्पष्टपणे बोलली असेल असं मला वाटत नाही.

मोजायचं कसं, तर बाहेरची मान्यता देणारी संस्था विचारते की तुमच्या मुलांना जनरल एज्युकेशनमधून काय मिळालं, पुरावा दाखवा. मग प्रत्येक रकान्यातून मुलांचे काही निबंध चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलायचे. दोन-दोन प्राध्यापकांनी ते वाचायचे आणि ‘चिकित्सक विचार’, ‘लेखन’, ‘सांस्कृतिक जाण’ अशा कसोट्यांवर एक ते चार गुण द्यायचे. सरासरी काढायची, आलेख करायचा, अहवाल जोडायचा. निबंध लिहिणारी मुलगी त्या कोर्सला येण्याआधी काय लिहीत होती ते कुणी वाचलेलं नसतं. म्हणजे रोपाची उंची मोजली, पण लावलं तेव्हा केवढं होतं ते कुठेच टिपलेलं नाही.

भावोजी : आमच्या कंपनीत असं कुणी केलं तर त्याला घरी पाठवतील.

वहिनी : तुमच्या कंपनीत सगळं मोजता येतं हा तुमचा समज आहे, पण ते राहू द्या. ज्यांनी आधी आणि नंतर असं दोनदा मोजलं त्यांचं ऐका. रिचर्ड अरम आणि जोसिपा रोक्सा यांचं ‘अ‍ॅकॅडमिकली अ‍ॅड्रिफ्ट’ २०११ मध्ये आलं. चोवीस संस्था, दोन हजार तीनशेहून जास्त विद्यार्थी. पहिल्या दोन वर्षांत पंचेचाळीस टक्के मुलांच्या विचार करण्याच्या, लिहिण्याच्या कुवतीत म्हणण्यासारखा फरकच पडला नव्हता.

भावोजी : बघा!

वहिनी : पुढे ऐका. फरक पडला होता तो कुणात? आठवड्याला चाळीस पानांहून जास्त वाचन आणि सत्राला वीस पानांहून जास्त लेखन असलेले कोर्स ज्यांनी केले त्यांच्यात. रकान्याचं नाव काय, याला महत्त्व नाही. त्या रकान्यात काय करायला लावता, याला आहे.

भावोजी : म्हणजे तुमची सक्ती वाचन-लेखनाची. मग ती मेजरमध्येच करा. कॉम्प्युटरवाल्यांना वीस पानं लिहायला लावा. त्यासाठी दगड कशाला?

वहिनी : दगडांचं एकदा संपवू. काल संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा शेजारच्यांच्या हिरवळीवरच्या त्या गुलाबी धोंड्यापाशी तुमची लेक थांबली होती. म्हणाली, हा इथला नव्हेच. इथे खाली चुनखडी आणि शेल, ग्रॅनाइट येईल कुठून? हा कॅनडातून बर्फाबरोबर आला, हिमयुगात. त्या धोंड्यावरून आम्ही बारा वर्षं गाडी मागे घेतोय. मला कधी सुचलं नव्हतं.

भावोजी : गुगलने सांगितलं असतं.

वहिनी : गुगलला विचारायचं सुचायला हवं ना.

यावर भावाने जे उत्तर दिलं ते मला पटलं, म्हणून त्याला इथे जरा जागा देतो. तो म्हणाला, वहिनी, तुमची ही दोन्ही उदाहरणं चांगल्या मास्तरांची आहेत, सक्तीची नाहीत. पोरीचा जिऑलॉजीचा मास्तर चांगला निघाला, नशीब. पण त्याच पोरीने समाजशास्त्राच्या रकान्यात एक कोर्स केला, त्याचं नावसुद्धा तिला आता सांगता येत नाही. वेळापत्रकात मंगळवारी दुपारी बसत होता म्हणून घेतला. एकाच कोर्सने दोन रकाने भरले तर त्याला मुलं ‘डबल डिप’ म्हणतात आणि तसले कोर्स शोधून एकमेकांना सांगतात. अकरा रकाने म्हणजे शिक्षणाची कल्पना नाही, तो तुमच्या विभागांमधला तह आहे. केमिस्ट्रीला इतकी मुलं, जर्मनला इतकी, इतिहासाला इतकी. सक्ती काढली तर अर्ध्या विभागांत शुकशुकाट होईल, ही खरी भीती.

वहिनी : भीती आहेच. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने अठ्ठावीस मेजर आणि एकशे त्रेचाळीस प्राध्यापकांच्या जागा कापल्या. परकीय भाषांचा विभाग जवळपास पुसला गेला. ते तर मोठं सरकारी विद्यापीठ. आमच्यासारख्या छोट्या कॉलेजात जर्मनचे दोनच शिक्षक आहेत. भाषेची अट गेली की ते दोघं गेले, आणि एकदा गेले की परत येत नाहीत. मग एखाद्या मुलीला खरोखर जर्मन शिकायचं असलं तरी कुणाकडे शिकणार? निवडीचं स्वातंत्र्य हवं तर निवडायला काहीतरी शिल्लक हवं.

भावोजी : म्हणजे माझ्या पोरीने जर्मनवाल्याचा पगार काढायचा.

वहिनी : आणि तिच्या कॉम्प्युटर लॅबचा खर्च जर्मनची मुलं काढतात. कॉलेज म्हणजे हेच.

मी चहाची दुसरी फेरी घेऊन आलो तोवर दोघं सेंट जॉन्स कॉलेजवर येऊन ठेपले होते. भाऊ चेष्टेने म्हणाला होता की सक्ती एवढी प्यारी असेल तर सगळंच सक्तीचं करा. बायको म्हणाली, असं कॉलेज आहे, मेरीलँडमध्ये अ‍ॅनापोलिसला. १९३७ पासून तिथे मेजर हा प्रकारच नाही. पहिल्या वर्षी सगळे होमर आणि प्लेटो वाचतात, युक्लिडची प्रमेयं फळ्यापाशी उभं राहून सिद्ध करतात. दुसऱ्या टोकाला अ‍ॅमहर्स्ट. पहिल्या वर्षाचा एक सेमिनार आणि आपलं मेजर, यापलीकडे अट नाही.

भावोजी : दोन्ही मला चालतील.

वहिनी : दोन्ही?

भावोजी : हो. सेंट जॉन्सच्या मुलाने विचारलं, युक्लिड का? तर मास्तरला उत्तर द्यावं लागतं, कारण ते पुस्तक त्यांनी सगळ्यांसाठी निवडलंय. अ‍ॅमहर्स्टच्या मुलीला कुणी विचारलं, हाच कोर्स का? तर तिला उत्तर द्यावं लागतं, कारण निवड तिची आहे. तुमच्या अकरा रकान्यांत कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. मुलगी म्हणते, कॉलेजने सांगितलं. कॉलेज म्हणतं, अमुक कोर्स घे असं आम्ही कुठे सांगितलं?

मला वाटतं, त्या संध्याकाळचं सगळ्यात नेमकं वाक्य हे होतं आणि ते शिक्षणक्षेत्राबाहेरच्या माणसाचं होतं. बायकोलाही ते लागलं असावं, कारण तिने पहिल्यांदाच कागद ओढून काहीतरी टिपलं. पण ती हार मानणारी नव्हे.

वहिनी : अ‍ॅमहर्स्टच्या मुलीला उत्तर देता येतं, कारण बहुतेक वेळा तिच्या घरी विचारायला कुणीतरी असतं. आमच्याकडे घरातली पहिली पदवी घेणारी मुलं येतात. त्यांच्या आईबापांना अँथ्रॉपॉलॉजी म्हणजे काय ते ऐकूनही माहीत नसतं. सगळं मोकळं सोडलं की ती मुलं ओळखीच्या चार विषयांतच फिरतात. मोकळा अभ्यासक्रम चालवायचा तर प्रत्येक मुलामागे सत्राला दोन तास बसणारा सल्लागार हवा. माझ्याकडे सल्ल्याला पंचवीस मुलं आहेत.

भावोजी : मग कोलंबियासारखं करा. सगळ्यांना तीच पुस्तकं.

वहिनी : करायला आवडेल. पण वीस-बावीस मुलांचा एकेक वर्ग, म्हणजे शिक्षक किती लागतील बघा. आणि पुस्तकं कुठली, यावर दहा वर्षं जातील. रीडमध्ये ग्रीस-रोमभोवती बांधलेला सक्तीचा ह्युमॅनिटीजचा कोर्स होता. २०१६ पासून विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध वर्गात बसून निदर्शनं केली. २०१८ मध्ये तो बदलला, त्यात मेक्सिको सिटी आली, हार्लेम आलं.

भावोजी : म्हणजे तिथे निदान भांडण तरी झालं! तुमच्या रकान्यांसाठी कुणी निदर्शनं केलीत?

बायको हसली. तिला आपल्याकडची आठवण झाली असणार. बीएस्सीला असताना एक सक्तीचा पेपर होता, त्याचं गाईड परीक्षेच्या आदल्या रात्री तिने आणि तिच्या मैत्रिणीने अर्धं अर्धं वाटून वाचलं होतं. आता महाराष्ट्रातही नव्या शैक्षणिक धोरणानुसार, स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्यांत पुढच्या वर्षीपासून, आपल्या शाखेबाहेरचा ‘ओपन इलेक्टिव्ह’ घ्यावा लागतो. कोल्हापूरचा भाचा कॉमर्सला आहे. फोनवर त्याला विचारलं, तू काय घेतलंस? म्हणाला, मामा, जे शिल्लक होतं ते.

वहिनी : बरं, तुम्ही समितीवर असता तर काय केलं असतं?

भावोजी : अकराचे चार. एक लेखनाचा, वीस पानांच्या वरचा. एक तुमचा आकड्यांचा. एक प्रयोगशाळेचा. आणि एक असा, ज्यात सगळे एकच पुस्तक वाचतील, कुठलंही असो. हे चारही कायम नोकरीतल्या, सगळ्यात जुन्या प्राध्यापकांनी शिकवायचे, वर्षापुरत्या घेतलेल्यांनी नाही. बाकी मोकळं.

वहिनी : आमच्या मसुद्यात पाच आहेत. तुमचे चार आणि भाषा. भाषेचीही तीन सत्रं नाहीत, एकच वर्ष.

भावोजी : जुने प्राध्यापक?

वहिनी : ते कलम मी घातलं होतं. समितीतच पडलं. कायम नोकरीवाल्या सगळ्यांनी विरोधात मत दिलं.

भावोजी : तुम्ही?

वहिनी : मी बाजूने. कलम माझंच होतं ना. जानेवारीत सगळ्या प्राध्यापकांपुढे मसुदा जाईल, तेव्हा पुन्हा मांडणार आहे. केमिस्ट्रीवाले आत्ताच चिडलेत, त्यांचा एक कोर्स जातोय.

भावोजी : आणि भाषा का ठेवलीत? शिक्षणाचं कारण सांगा, पगाराचं नको.

वहिनी : वर्षभर रोज चुकायला लावणारा दुसरा विषय माझ्या माहितीत नाही. हुशार मुलांना त्याची सवय नसते. पुरे?

भावोजी : हे मसुद्यात लिहिलंय?

वहिनी : नाही. मसुद्यात ‘जागतिक नागरिकत्व’ लिहिलंय.

भावोजी : ते खोडा, आणि हे लिहा.

वहिनी : खोडलं तर जर्मनवाला मत देणार नाही. ते वाक्य त्याचंच आहे.